बीडहून सोन्याच्या शोधात: दख्खनमधील एका सहलीची इतिहासातून आखणी

१/ उन्हाळा लागला की अमेरिकेत आणि कॅनडात अनेक कुटुंबे आपले 'फिरते घर' रस्त्यावर काढतात. गाडीतच चूल, बिछाने आणि पाण्याची टाकी. सोबत फावडे, चाळणी आणि एक उथळ परात. एखाद्या ओढ्याकाठी मुक्काम ठोकायचा, वाळू धुवायची आणि तळाशी सोन्याचा कण चमकतो का ते पाहायचे. तिकडे हा सुट्टीतला छंद आहे. असाच बेत बीड जिल्ह्यातील कुणी तरुणाने आखला तर? कोणत्या दिशेने जावे, केव्हा जावे, सोबत काय न्यावे आणि हाती काय लागेल? या चारही प्रश्नांची उत्तरे इतिहासात सापडतात. #धागा

२/ आधी या छंदाचे मूळ पाहू. २४ जानेवारी १८४८ रोजी कॅलिफोर्नियात जॉन सटर यांच्या लाकूड कापण्याच्या गिरणीचे काम चालू असताना, पाण्याच्या पाटात जेम्स मार्शल यांना सोन्याचे कण दिसले. वार्ता पसरली आणि पुढच्याच वर्षी जगभरातून माणसांचा लोंढा तिकडे लोटला. या लोकांचे मुख्य हत्यार म्हणजे परात. पुढे मोठ्या कंपन्या आल्या, यंत्रे आली, एकट्यादुकट्या माणसाचा धंदा बुडाला. परात मात्र टिकली. पोटासाठी केलेले काम पुढच्या पिढ्यांची हौस झाले.

३/ परातीमागचे शास्त्र सोपे आहे. सोने पाण्याच्या १९ पटींहून अधिक जड असते. साधी वाळू, म्हणजे गारेचे कण, जेमतेम अडीच-पावणेतीन पट. लोहयुक्त काळी वाळू सुमारे पाच पट. पाण्यात परात गोल फिरवली की हलके कण काठावरून वाहून जातात, काळी वाळू मागे राहते आणि तिच्याही खाली, असेलच तर, सोने बसते. नदीही हेच करते. म्हणून वळणाच्या आतल्या बाजूला, दगडांच्या आड, खडकाच्या भेगांत सोने साचते. मात्र एक अट आहे: नदी ज्या डोंगरांतून येते, त्या डोंगरांच्या खडकात मुळात सोने असले पाहिजे.

४/ इथेच बीडच्या तरुणाची पहिली निराशा होते. बालाघाटचे डोंगर, बिंदुसरेचे पात्र, सिंदफणेचा काठ, मांजरेचा उगम हे सारे काळ्या पाषाणावर वसलेले आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हा उसळला, थरावर थर साचत गेले आणि दख्खनचे पठार घडले. सोन्याच्या शिरा ज्यांत असतात ते खडक याहून कितीतरी प्राचीन, अडीचशे कोटी वर्षांहूनही जुने. आपल्याकडे ते असलेच तर या लाव्ह्याच्या जाड थरांखाली गाडले गेलेले आहेत.

५/ जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणारी गोदावरीदेखील याला अपवाद नाही. त्र्यंबकेश्वरापासून बीडपर्यंतचा तिचा प्रवास काळ्या पाषाणातूनच होतो. गेवराईजवळ कुणी परात घेऊन बसले, तर काळी वाळू मुबलक मिळेल आणि रंगीबेरंगी गारगोट्या मिळतील. सोने मिळणार नाही. मराठवाड्यात सोन्याचा धूर निघत होता असे आपण अभिमानाने म्हणतो, पण ते सोने इथल्या मातीतले नव्हे. ते बाहेरून आले, आणि ते कसे आले हाच खरा इतिहास आहे.

६/ मग महाराष्ट्रात सोने कुठे? त्यासाठी लाव्ह्याचे पठार जिथे संपते तिथे, पूर्व विदर्भात जावे लागते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने नागपूर जिल्ह्यात परसोडी आणि कोलारी-भावरी या भागांत सुवर्णयुक्त खडकांची नोंद केली आहे. पण सर्वेक्षणाच्या कितीतरी आधीपासून त्या बाजूच्या नद्यांतून सोने धुणारी माणसे होतीच. त्यांना सोनझरी किंवा सोनझारा म्हणत.

७/ रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जाती-जमातींच्या ग्रंथात सोनझाऱ्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. चांदा, बालाघाट, मंडला, संबलपूर हा त्यांचा मुलूख. (हा बालाघाट म्हणजे आपला डोंगर नव्हे, आजच्या मध्य प्रदेशातील जिल्हा.) आपल्या काठवटीसारख्या लाकडी पात्रात नदीची वाळू धुवायची आणि मिळतील ते कण विकायचे, हा त्यांचा जन्माचा व्यवसाय. पाणी आणि वाळू जिथे नेतील तिथे कुटुंबासह जायचे. अमेरिकेत जी सुट्टीतली मौज ठरली, तेच काम इथे पिढ्यान्पिढ्यांची भटकंती आणि रोजची भाकरी होती.

८/ सोने शोधणाऱ्यांचा आणखी एक वर्ग आहे आणि तो नदीवर जात नाही. तो सराफकट्ट्यावर येतो. सोनाराच्या दुकानातील केर, भट्टीतील राख, दुकानासमोरच्या गटारातील गाळ गोळा करून त्यातून सोने काढणारे ते झारेकरी. उत्तरेत यांना न्यारिये म्हणतात, गुजरातेत धूळधोये. कानस चालवताना उडालेला कण, कपड्यांवरून झटकला गेलेला कण, हात धुताना वाहून गेलेला कण यांवर त्यांचा संसार. केर विकत घेण्याचा व्यवहार सोनार आणि झारेकरी यांच्यात ठरलेला असे. जिथे खाण नाही तिथे बाजारपेठ हीच खाण, हे झारेकऱ्यांनी ओळखले होते.

९/ त्यांची पद्धतही परातीचीच. फक्त शेवटी पारा येतो. धुऊन उरलेल्या काळ्या गाळात पारा मिसळला की तो सोन्याचे बारीक कण आपल्यात ओढून घेतो. मग तो गोळा तापवायचा. पारा वाफ होऊन उडतो, सोने उरते. ही वाफ विषारी असते आणि ती ज्याच्या श्वासात जाते तो माणूस क्वचितच सोने अंगावर घालणारा असतो. आजही मोठ्या शहरांच्या सराफा गल्ल्यांत पहाटे गटाराजवळ झाडू आणि घमेले घेऊन बसलेली माणसे दिसतात. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत सोन्याचे राजे आहेत, सोन्याची नाणी आहेत. सोने धुणारे हात मात्र क्वचितच आहेत.

१०/ आता सहलीची खरी दिशा ठरवू. बीडहून दक्षिणेकडे, चारशेहून अधिक किलोमीटरवर, कर्नाटकाच्या रायचूर जिल्ह्यात हट्टी नावाचे गाव आहे. तिथे सोन्याची खाण आजही चालू आहे. हे गाव आपल्याला परके वाटते. पण १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बीड आणि रायचूर एकाच हैदराबाद राज्याचे जिल्हे होते. पुनर्रचनेत बीड मुंबई राज्यात आले आणि रायचूर म्हैसूर राज्यात गेले. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी हट्टी ही 'आपल्याच राज्यातली' सोन्याची खाण होती.

११/ कृष्णा आणि तुंगभद्रा यांच्यामधल्या या प्रदेशाला रायचूरचा दुआब म्हणतात. बहामनी सुलतान आणि विजयनगरचे राय पिढ्यान्पिढ्या या दुआबासाठी लढले. सुपीक जमीन आणि मोक्याचे किल्ले ही कारणे आपण वाचलेली असतात. लाव्ह्याचे पठार इथे संपते आणि अतिप्राचीन खडक उघडे पडतात. त्या खडकांत हिरवट-काळ्या शिळांचे पट्टे आहेत आणि त्या पट्ट्यांतून गारेच्या पांढऱ्या शिरा धावतात. दक्षिण भारतातील जुने सोने याच शिरांतले.

१२/ हट्टीत आधुनिक खाणकाम सुरू झाले, तेव्हा अभियंत्यांना एक आश्चर्य दिसले. त्यांच्या आधी तिथे कुणीतरी खोदून गेले होते, आणि तेही वरवर नव्हे. प्राचीन खोदकाम सुमारे ६४० फुटांपर्यंत खाली पोहोचले होते. आत जुन्या लाकडी आधारांचे अवशेष होते. त्यांची किरणोत्सारी कार्बन पद्धतीने तपासणी झाली, तेव्हा त्यांचे वय सुमारे दोन हजार वर्षे निघाले. म्हणजे पैठणला सातवाहन राज्य करीत होते त्या सुमारास इथे माणसे जमिनीच्या पोटात सहाशे फूट खाली उतरत होती.

१३/ सुरुंगाची दारू नाही, पंप नाहीत, विजेचे दिवे नाहीत. मग खडक फोडला कसा? खडकाशी लाकडे रचून आग लावायची; तो तापला की पाणी मारायचे; तडे गेले की छिन्नी-हातोड्याने फोडायचे. गारेचे तुकडे वर आणून दगडातल्या खळग्यांत कुटायचे, जात्यासारखे दळायचे आणि मग तेच: पाण्यात धुवायचे. निजाम राज्याच्या भूवैज्ञानिक खात्यातील कॅप्टन लिओनार्ड मन यांनी १९३० च्या दशकात हैदराबाद राज्यातील अशा प्राचीन खाणींवर लेखन केले. नंतर १९६२ मध्ये पुरातत्त्वज्ञ ऑल्चिन यांनी या पद्धतीचा सविस्तर अभ्यास मांडला.

१४/ इथे एक कोडे आहे. सातवाहनांनी शिसे, तांबे, पोटीन आणि चांदीची नाणी पाडली; सोन्याची नाहीत. त्याच काळात पैठण आणि तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातील तेर, या पेठांचा माल भडोच बंदरातून पश्चिमेकडे जात होता. 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात दोन्ही नावे आहेत. रोमन लेखक प्लिनी तक्रार करतो की भारत दरवर्षी रोमन साम्राज्यातून ५ कोटी सेस्टर्स शोषून घेतो. दख्खनमध्ये सोने खाणीतूनही येत होते आणि समुद्रावरूनही. ते नाणे म्हणून कमी आणि दागिना व साठवण म्हणून अधिक वावरत होते. ही सवय आपण अजून सोडलेली नाही. पुढे देवगिरीच्या यादवांनी मात्र पद्मटंक नावाची सोन्याची नाणी पाडली.

१५/ आता फिरत्या घराकडे येऊ. दख्खनचे फिरते घर म्हणजे बैलगाडी, आणि तिच्यातून सोने शोधायला निघालेला एक माणूस प्रसिद्ध आहे. त्याच्या आधीची गोष्ट अशी: १८०२ साली लेफ्टनंट जॉन वॉरन म्हैसूरच्या पूर्व सीमेची मोजणी करीत होता. कोलारकडे मातीत सोने सापडते अशी दंतकथा त्याच्या कानावर आली. सोने दाखवील त्याला त्याने बक्षीस जाहीर केले. गावकरी गाड्या भरून माती घेऊन आले आणि त्याच्या समोर ती धुतली. कण चमकले. सुमारे ५६ किलो मातीमागे एक ग्रेन सोने असा हिशेब वॉरनने मांडला. एक ग्रेन म्हणजे ग्रॅमचा पंधरावा भाग.

१६/ हा अहवाल मायकल लाव्हेल या आयरिश सैनिकाच्या वाचनात आला. न्यूझीलंडच्या लढायांतून परतून तो बंगळुरात निवृत्त जीवन जगत होता. सोन्याच्या शोधाचे वेड त्याला तिकडेच लागले होते. १८७१ साली त्याने बैलगाडी जोडली आणि सुमारे शंभर किलोमीटरवरच्या कोलारकडे निघाला. त्याने जागा पाहिल्या, खुणा केल्या. १८७३ मध्ये म्हैसूर सरकारकडे अर्ज केला आणि १८७५ मध्ये त्याला वीस वर्षांचा परवाना मिळाला. पण शोधायला बैलगाडी पुरते, खोदायला नाही. भांडवल संपले आणि हक्क इतरांकडे गेले.

१७/ १८८० मध्ये जॉन टेलर यांच्या कंपनीने कोलारात पाय रोवला आणि पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. चित्रपटामुळे 'केजीएफ' हे नाव घरोघरी पोहोचले. खरे केजीएफ मात्र हजारो मजुरांच्या घामावर उभे राहिले आणि सुमारे तीन किलोमीटर खोल गेले. २८ फेब्रुवारी २००१ रोजी ते बंद झाले. वॉरनसमोर माती धुणाऱ्या गावकऱ्यांपैकी एकाचेही नाव कुणाच्या ओठांवर नाही. शोध लावणारा म्हणून वॉरन आणि लाव्हेल यांची नावे उरली. शोध ज्यांना आधीच ठाऊक होता त्यांची नाहीत.

१८/ सोन्याच्या वेडाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १८८० च्या सुमारास वायनाडमध्ये सोने सापडल्याच्या बातमीने लंडनच्या बाजारात कंपन्यांचे पीक आले. कॉफीचे मळे भरमसाट किमतीला विकले गेले, यंत्रे डोंगरावर चढवली गेली. सोने निघाले ते खर्चाच्या मानाने नगण्य. दोन-तीन वर्षांत फुगा फुटला. जमिनीतल्या सोन्यापेक्षा कागदावरच्या सोन्याने अधिक माणसे बुडवली आहेत.

१९/ हट्टीत विसाव्या शतकाच्या आरंभी कंपनीचे काम चालले आणि १९२० मध्ये थांबले. १९४७ मध्ये हैदराबाद गोल्ड माइन्स ही कंपनी स्थापन झाली. १९५६ मध्ये तिचे नाव हट्टी गोल्ड माइन्स झाले आणि ती आज कर्नाटक सरकारच्या मालकीची आहे. पण या पट्ट्यातला सर्वांत मोठा शोध सोन्याचा नव्हताच. तो लागला हट्टीपासून जवळच, मस्की येथे.

२०/ १९१५ साली सी. बीडन नावाचे सुवर्णखाणींचे अभियंते सोन्याच्या शोधात या टेकड्या धुंडाळत होते. मस्कीच्या टेकडीवर, एका मोठ्या शिळेच्या आडोशाला त्यांना कोरीव अक्षरे दिसली. लिपी ब्राह्मी होती. निजाम राज्याचे पुरातत्त्व खाते आदल्याच वर्षी, १९१४ मध्ये, गुलाम याझदानी यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाले होते. एच. कृष्णशास्त्री यांनी लेख वाचला आणि हैदराबाद पुरातत्त्व मालेचा पहिलाच अंक म्हणून तो प्रसिद्ध झाला.

२१/ त्या लेखाच्या आरंभीच दोन शब्दांनी इतिहास बदलला: 'देवानांपियस असोकस'. जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ मध्ये ब्राह्मी लिपी उलगडली तेव्हापासून शिलालेखांतील 'देवानांपिय पियदसि' हा राजा कोण, याचे उत्तर सिंहली ग्रंथांच्या आधारे दिले जात होते. तो अशोकच, असे विद्वान मानत. पण दगडावर ते नाव नव्हते. मस्कीने ते दिले. सोने शोधायला गेलेल्या माणसाने सम्राटाचे नाव शोधून आणले. पुढे गुजर्रा, नित्तूर, उडेगोळम येथेही ते नाव आढळले. पण पहिला मान मस्कीचा.

२२/ अशोकाने नेमकी हीच जागा का निवडली? ब्रह्मगिरीच्या शिलालेखात 'सुवर्णगिरी' येथील आर्यपुत्राचा, म्हणजे राजकुमार असलेल्या अधिपतीचा उल्लेख आहे. ही सुवर्णगिरी मस्की-कनकगिरीच्या परिसरातच असावी असे अनेक अभ्यासक मानतात. मौर्यांची सत्ता दक्षिणेत इतक्या दूर येण्यामागे हा सुवर्णपट्टा हे एक कारण असू शकते. शिलालेखातला धम्म आणि जमिनीतले सोने हे दोन्ही एकाच वाटेवर भेटतात.

२३/ आता कायद्याचे बोलू, कारण सहलीला निघण्यापूर्वी ते कळले पाहिजे. अमेरिकेत बऱ्याच सरकारी जमिनींवर हौशी माणसाला परात चालवता येते. भारतात सोने हे १९५७ च्या खाणी व खनिजे अधिनियमाखालील खनिज आहे. त्याचा शोध घ्यायलाही सरकारी परवाना लागतो. जमिनीत पुरलेले धन सापडले, तर त्यासाठी १८७८ चा निखात निधी अधिनियम आहे: दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास शिक्षा होऊ शकते.

२४/ हा मुद्दा आपल्या जिल्ह्यात कोरडा राहत नाही. जुने वाडे, पडके किल्ले, ओसाड मंदिरे, पांढरीच्या टेकाडांवर गुप्तधनासाठी रात्री खड्डे खणले जातात. कुणी धातुशोधक यंत्र नेतो, कुणी मांत्रिकाला नेतो. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. पण खड्ड्याचे नुकसान त्याही पलीकडे जाते. मातीचा थर, त्यातले खापर, मणी, राख यांचा क्रम हाच पुरातत्त्वाचा ग्रंथ असतो. तो एकदा उलथला की पुन्हा वाचता येत नाही. बीडन यांनी ती शिळा फोडून पाहिली असती, तर?

२५/ म्हणून सहल जरूर आखावी. सोने काढण्यासाठी नव्हे, सोन्याचा इतिहास पाहण्यासाठी. काळ कोणता? उन्हाळा मुळीच नको. तिकडे उन्हाळ्यात बर्फ वितळून ओढे भरतात. आपल्याकडे उन्हाळ्यात ओढे आटतात आणि रायचूरचा पारा चाळिशी ओलांडतो. दसऱ्यानंतर निघावे. पाऊस सरलेला असतो, रस्ते कोरडे असतात, टेकड्या हिरव्या असतात. आपल्या पूर्वजांनीही सीमोल्लंघनाला हाच मुहूर्त धरला होता.

२६/ मार्ग असा: बीडहून धुळे-सोलापूर महामार्गाने दक्षिणेकडे. येडशीजवळून वाकडी वाट करून तेर, तिथले लामतुरे संग्रहालय. दोन हजार वर्षांपूर्वीचा व्यापार तिथे हाताच्या अंतरावर दिसतो. मग सोलापूर, विजयपूर, लिंगसुगूर. हट्टीची खाण चालू असल्याने परवानगीशिवाय आत जाता येत नाही. गाव आणि परिसर पाहावा. शेवटी मस्की. वाटेत काळा पाषाण कुठे संपतो आणि गुलाबी-करडा खडक कुठे सुरू होतो, याकडे लक्ष ठेवावे. सहा कोटी वर्षांपूर्वीची सीमा तिथेच ओलांडली जाते.

२७/ सोबत काय न्यावे? फिरते घर असल्यास उत्तम. नसल्यास साधी जीप किंवा एसटी आणि रेल्वेही पुरेल. पाणी भरपूर, टोपी, वही, नकाशा, साधे भिंग. फावडे आणि धातुशोधक यंत्र घरीच ठेवावे. परातही न्यायची गरज नाही. तिची फिरकी कशी असते हे पाहायचे असेल, तर आपल्या गावच्या सराफकट्ट्यावर पहाटे जावे आणि झारेकऱ्यांशी बोलावे. त्यांना त्यांची भाषा, हत्यारांची नावे, आजोबांच्या वाटा विचाराव्यात आणि त्यांच्या संमतीने लिहून ठेवाव्यात. हे ज्ञान कुठल्याही शिळेवर कोरलेले नाही. ती माणसे गेली की तेही जाईल.

२८/ आणि हाती काय लागेल? सोन्याचा कण नाही. मात्र आपल्या अंगठीतले सोने कुणाच्या हातून, कोणत्या वाटेने आले असेल हे कळू लागेल. मस्कीच्या शिळेसमोर उभे राहून एका सम्राटाचे नाव वाचता येईल. दसऱ्याला आपण आपट्याचे पान देऊन 'सोने घ्या' म्हणतो, त्या सोन्यासाठी जमीन खणावी लागत नाही. येत्या सुट्टीत यांपैकी कुठेही गेलात, तर जे पाहाल त्याची नोंद खाली अवश्य लिहा. धागा समाप्त.